ज्या भाषेमागे पोलिस उभा नव्हता

कुर्दिश माणसाशी इंग्रजीबद्दल बोलायला बसलं की आपली मराठी गणितं लागूच पडत नाहीत. आपल्याकडे या विषयाची एक ठरलेली चाल आहे, साहेब आला, त्याने राज्य केलं, त्याची भाषा कचेरीत आणि कॉलेजात बसली, साहेब गेला पण भाषा राहिली आणि आता मराठी शाळांचे वर्ग रिकामे पडतायत, मग त्यावर आपण हळहळतो नाहीतर भांडतो. कुर्दांना हे सांगितलं की ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, आमच्याकडचा साहेब अरबी बोलायचा. किंवा तुर्की. किंवा फारसी. कुर्दांचा मुलूख चार देशांत वाटलेला, त्यामुळे सीमेच्या कुठल्या बाजूला जन्मलात त्यावर ते ठरतं. इंग्रजी आमच्या दारावर लाथ मारून आली नाही, असं एकाने मला सांगितलं, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी लंडनला राहते, शेजारचं कुटुंब इराकमधल्या सुलेमानियाचं आहे. तीन पिढ्या एका घरात. आजीला सगळे दापीर म्हणतात, आता मीही दापीरच म्हणते, तिला इंग्रजी येत नाही. तिचा मुलगा दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांशी बोलायला लागतं तेवढं इंग्रजी झकास बोलतो. आणि नात इथेच जन्मलेली, तिला आजीची सोरानी, म्हणजे कुर्दिशची त्यांच्याकडची बोली, सगळी कळते पण तोंडातून उत्तर येतं ते इंग्रजीत. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही, परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत हेच चालू असतं. नवीन आहे ते दापीरचं वागणं. नातीच्या इंग्रजीचा तिला जराही राग येत नाही, उलट कौतुकच वाटतं. पण टीव्हीवरचा कुर्दिश निवेदक बोलता बोलता एखादा अरबी शब्द वापरून गेला की ती लगेच मान झटकते, आपल्याकडे शब्द नाही का, म्हणते. अगदी जोरात म्हणते.

ती असं का करते हे समजायला तिचं आयुष्य बघावं लागतं. १६ मार्च १९८८ ला हलब्जावर विषारी वायूचे बॉम्ब पडले, हलब्जा म्हणजे तेव्हाचं सुलेमानिया प्रांतातलंच गाव. त्याच वर्षी सद्दाम हुसेनच्या सरकारने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या अनफालच्या मोहिमेत हजारो खेडी जमीनदोस्त झाली. १९९१ च्या वसंतात बंड फसलं आणि लाखो लोक डोंगर ओलांडून तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेकडे पळाले, त्यात ही बाई होती, पोरांना घेऊन, पायी. तिच्या कानात अरबी म्हणजे चेकपोस्टवर ओरडणारा माणूस. यात अरबी भाषेचा काही दोष नाही हे ती पण मान्य करेल, अरबीत केवढी मोठी कविता आहे, तिच्या रोजच्या प्रार्थनेची भाषा तीच आहे. पण चेकपोस्ट काही कानातून जात नाही. इंग्रजी बोलणारे मात्र तिला पहिल्यांदा दिसले ते १९९१ नंतर, मदतीचे ट्रक घेऊन आलेले. माणूस भाषा ऐकतो तेव्हा ती कोण बोलत होतं हे पण ऐकतो.

कुर्द एकूण साधारण तीन ते चार कोटी, तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत वाटलेले. १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांना स्वतंत्र देशाची आशा दाखवली होती, १९२३ च्या लोझानच्या तहात ती गायब झाली. एवढं पुढच्या गोष्टीसाठी पुरेसं आहे.

तुर्कस्तानातली कहाणी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. तिथे १९८३ मध्ये एक कायदा आला, क्रमांक २९३२. त्याची शब्दरचना अशी होती की तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली अधिकृत भाषा असेल ती सोडून इतर कुठल्याही भाषेत विचार मांडायला किंवा छापायला बंदी. आता यातला 'पहिली' हा शब्द कशाला? तर इराकमध्ये तेव्हा कुर्दिशला दुसऱ्या अधिकृत भाषेचा दर्जा होता, ती पळवाट बुजवायला. म्हणजे कायद्यात कुर्दिश हा शब्द न उच्चारता कुर्दिश बंद झाली, आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन सगळ्या सुरक्षित राहिल्या. १९९१ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी लैला झाना खासदार म्हणून निवडून आल्या, संसदेत शपथ घेतली आणि शेवटचं एक वाक्य कुर्दिशमध्ये बोलल्या, दोन्ही समाजांच्या बंधुभावाबद्दलचं वाक्य, आणि सभागृहात गदारोळ उठला. पुढे १९९४ मध्ये त्यांना अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, सुटल्या २००४ मध्ये. आरोप वेगळे लावले होते, पण त्या वाक्याची आठवण तिथे कोणी विसरलेलं नाही.

आणि ती तीन अक्षरं. तुर्कस्तानने १९२८ मध्ये कायद्याने रोमन लिपी घेतली, २९ अक्षरांची, त्यात क्यू, डब्ल्यू आणि एक्स नव्हते. तुर्कस्तानातले कुर्द बोलतात त्या कुर्मांजी बोलीसाठी जेलादेत अली बेदिरखान यांनी १९३२ पासून दमास्कसहून 'हावार' नावाचं नियतकालिक काढून जी रोमन लिपी रुजवली त्यात ही तिन्ही अक्षरं आहेत, कारण त्या भाषेत ते आवाज आहेत. नेवरोझ हा त्यांचा वर्षारंभाचा सण, २१ मार्चचा, तो कुर्दिशमध्ये डब्ल्यूने लिहितात. आता विचार करा, देशातल्या एका मोठ्या टीव्ही चॅनलच्या इंग्रजी नावात डब्ल्यू आहे, प्रत्येक वेबसाइटच्या पत्त्यात तीन तीन डब्ल्यू आहेत, त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, पण कुर्दिश आईबापांनी मुलीच्या नावात तेच अक्षर घालायचं म्हटलं की नोंदणी कचेरीत नकार. काही जण युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले, २०१० मध्ये निकाल लागला तो पण त्यांच्या विरोधात. शेवटी २०१३ मध्ये सरकारने सुधारणांची घोषणा केली त्यात ही अक्षरं मोकळी करायचं ठरलं. म्हणजे अक्षर तेच, इंग्रजीत लिहिलं तर आधुनिक आणि कुर्दिशमध्ये लिहिलं तर फुटीर! हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ नुसती बसून होते.

शाळेतही हेच आहे. तुर्कस्तानातल्या दियारबकीर या कुर्दिश शहरातलं मूल दुसरीत गेलं की त्याला इंग्रजी सक्तीचं असतं. त्याची स्वतःची भाषा मात्र पाचवीपासून, ऐच्छिक विषय म्हणून, आठवड्याला दोन तास, आणि तेही किमान दहा मुलांनी मागणी केली तर. हा पर्यायसुद्धा २०१२ मध्ये मिळाला, त्याआधी तोही नव्हता. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात लिहिलंय की मातृभाषा म्हणून तुर्कीशिवाय दुसरी कुठलीही भाषा शिक्षणसंस्थेत शिकवता येणार नाही. परकी भाषा शिकवता येते, शेजारच्या घरातली नाही.

इराणमध्ये तर अजून सरळ. तिथे इंग्रजीचे खासगी क्लासेस शहराशहरात चालतात, फी भरा आणि शिका. सानंदाजमध्ये झारा मोहम्मदी नावाची तरुणी मुलांना कुर्दिश लिहायला वाचायला शिकवायची, तिला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती तुरुंगात गेली, २०२३ मध्ये बाहेर आली. इराणच्या घटनेत स्थानिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायला परवानगी आहे, कागदावर. तिची शिक्षा चालू असतानाच, सप्टेंबर २०२२ मध्ये, साक्केझची एक मुलगी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. जगाने तिला महसा अमिनी म्हणून ओळखलं, कारण कागदपत्रांवर तेच नाव होतं. घरी तिचं नाव जीना होतं. तिच्या अंत्ययात्रेतली 'जिन, जियान, आझादी', म्हणजे बाई, जीवन, स्वातंत्र्य, ही घोषणा कुर्दिश स्त्रियांनी आधीच्या कितीतरी वर्षांत घडवलेली होती, ती जगभर गेली ती बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या पाठीवर बसून, आणि जाताना ती कुर्दिश आहे हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नाही. माझ्या शेजाऱ्याच्या मुलीने तेव्हा शाळेत एक पोस्टर केलं होतं, त्यावर तिने मोठ्या अक्षरात जीना लिहिलं आणि खाली इंग्रजीत समजावलं की हे नाव का. इंग्रजी नसती तर ते समजावता आलं नसतं, हेही खरंच.

मग इंग्रज या सगळ्यात धुतल्या तांदळासारखे का? मुळीच नाही, आणि इथे आपला पण धागा जातो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, जे भारतीय सैन्य लढलं त्यात मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात होत्या, ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या खाली शर्कातच्या लढाईत ११४ वी मराठा पलटण होती. साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं कुर्दांच्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत गेली होती हे आपल्या शाळेत कोणी सांगितलं नाही. ब्रिटिश आले तसा त्यांच्याबरोबर भारतातला सगळा कारभार पण आला, इराकमध्ये १९३२ पर्यंत चलन होतं ते भारतीय रुपया. हलब्जाच्या आदेला खानम या कर्तबगार बाईंना ब्रिटिशांनी किताब दिला तो खानबहादूर, म्हणजे आपल्याकडच्या रावबहादुरांच्याच यादीतला.

त्यातलाच एक अधिकारी मेजर सोन. हा माणूस युद्धाआधी वेष बदलून कुर्दिस्तानात फिरला, १९१३ मध्ये त्याने कुर्दिश व्याकरण छापलं, आणि पुढे सुलेमानियात राजकीय अधिकारी झाल्यावर तिथल्या कारभारात कुर्दिश आणली, १९२० मध्ये 'पेशकौतिन' हे कुर्दिश वृत्तपत्र सुरू झालं ते त्याच्याच काळात. म्हणजे गावातल्या कचेरीत आपली भाषा लिहिली जाते हे त्या लोकांनी पाहिलं ते एका इंग्रजाच्या हाताखाली. आणि त्याच दशकात ब्रिटिश विमानांनी सुलेमानियावर बॉम्ब टाकले, शेख महमूद बरझंजींचं बंड मोडायला. राष्ट्रसंघाने १९२५ मध्ये मोसुल प्रांत इराकला दिला तेव्हा अट होती की कुर्दिश भागात कोर्ट, शाळा, कारभार कुर्दिशमध्ये चालावा, त्यासाठीचा स्थानिक भाषांचा कायदा यायला १९३१ उजाडलं आणि तो आला तोही तोकडा. व्याकरण पण यांनीच लिहिलं आणि बॉम्ब पण यांनीच टाकले. मी शेजाऱ्याला एकदा हे सगळं विचारलं, की मग तुम्हाला इंग्रजीबद्दल काहीच वाटत नाही का, १९७५ मध्ये अमेरिकेने कुर्दांच्या बंडामागचा हात काढून घेतला तेव्हा, २०१७ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतानंतर किर्कुक शहर कुर्दांच्या हातून गेलं तेव्हा? तो म्हणाला, त्यांनी फसवलं, पण माझ्या शाळेत येऊन माझी जीभ नाही बांधली. मला वाटतं सगळा फरक इथे आहे, लोक एकवेळ फसवणूक विसरतात, जीभ बांधलेली विसरत नाहीत.

त्या काळात गॅरेज आणि विजेबरोबर आलेले इंग्रजी शब्द सोरानीत अजून आहेत, बल्बला ग्लोप म्हणतात, चाक पंक्चर झालं की पंचर म्हणतात, अगदी आपल्या रस्त्यावरच्यासारखं. दापीरला ते परके आहेत हे माहीतच नाही. असल्या शब्दांची यादी करून भाषा धोक्यात आहे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, कुठलीही जिवंत भाषा एवढं सहज पचवते.

खरी गुंतागुंत मला दिसली ती नेवरोझच्या एका कार्यक्रमात. माझ्या ऑफिसातला एक जण दियारबकीरचा, मी त्याची आणि शेजाऱ्याची ओळख करून दिली, मला वाटलं आता ही दोघं मला विसरून तास तास बोलत बसणार. सुरुवात झाली पण तशीच, गळाभेट, सणाच्या शुभेच्छा, गाव कुठलं, आईवडील कसे आहेत. दोन-चार वाक्यांनंतर दोघं अडखळायला लागले आणि मग अगदी स्वाभाविकपणे इंग्रजीवर आले. एकाची कुर्मांजी, दुसऱ्याची सोरानी. एक रोमन लिपीत लिहितो, दुसरा अरबी लिपीवर बेतलेल्या लिपीत, म्हणजे बोलून थोडंफार कळलं तरी एकमेकांचा मेसेज वाचता येत नाही. शंभर वर्षं वेगळ्या सीमांत, वेगळ्या शाळांत, वेगळ्या बंद्यांखाली राहिलेल्या दोन भावांसारखं झालंय ते. सोव्हिएत आर्मेनियातल्या कुर्दांची तर आणखी तिसरी लिपी होती, सिरिलिक. येरेवान रेडिओवरून १९५५ पासून कुर्दिश गाणी लागायची आणि सीमेपलीकडे तुर्कस्तानातली खेडी रेडिओला कान लावून ती ऐकायची, तेव्हा आवाज पोचायचा, अक्षर पोचत नव्हतं.

तर त्या संध्याकाळी त्या दोघांमध्ये दुवा झाली ती इंग्रजी. मला आधी फार वाईट वाटलं. मग घरी येताना वाटलं की नाहीतर ते दोघं बोलले कशात असते? तुर्की शेजाऱ्याला येत नाही, अरबी ऑफिसातल्याला येत नाही, आणि आली असती तरी नेवरोझच्या दिवशी ती वापरायची त्यांची इच्छा झाली नसती. इंग्रजीत दोघंही सारखेच पाहुणे. पण हेच पुढच्या पिढीत कायम झालं, म्हणजे कुर्दांची आपसातली भाषाच इंग्रजी झाली, तर कुर्मांजी आणि सोरानीला जवळ यायचं कारणच उरणार नाही, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. जवळ यायला एकमेकांना ऐकावं लागतं, चुकत चुकत, पुन्हा पुन्हा विचारत. लंडनहून १९९५ मध्ये मेड टीव्ही नावाचं पहिलं कुर्दिश उपग्रह चॅनल सुरू झालं होतं, ब्रिटिश परवान्यावर, त्यात दोन्ही बोलींत कार्यक्रम असायचे, लोकांनी डिश लावून ते पाहिलं. १९९९ मध्ये ब्रिटिश नियामकानेच हिंसेला चिथावणीचं कारण देऊन परवाना काढून घेतला. त्यानंतर कुर्दिश चॅनल्स खूप आली, पण आपापल्या पक्षाची आणि बहुतेक आपापल्या बोलीची.

कुर्दिशबद्दलचं ज्ञान सुद्धा इंग्रजीतच साठत गेलंय. अमीर हसनपूर, जन्म महाबादचा, १९४३ चा, कुर्दिश भाषा आणि राष्ट्रवादावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम त्यांचं, ते अमेरिकेत पीएचडीसाठी केलेलं, इंग्रजीत. २०१७ मध्ये टोरंटोला वारले ते. भाषा मरत नाही, मारली जाते, हा मुद्दा त्यांनी आयुष्यभर लावून धरला. तौफिक वहबी आणि एडमंड्स यांचा कुर्दिश-इंग्रजी शब्दकोश १९६६ मध्ये ऑक्सफर्डहून आला. शेजारची मुलगी आता सोरानी लिहायला शिकतेय ते हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी नेटवर फुकट ठेवलेल्या व्याकरणाच्या पीडीएफवरून, नियम इंग्रजीत, उदाहरणं सोरानीत. ती वाक्यं मोठ्याने वाचते आणि दापीर आतल्या खोलीतून ओरडून सांगते की आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. मला हे फार आवडतं. १६८३ मध्ये अहमद-ए खानी या मोठ्या कवीने लहान मुलांसाठी अरबी-कुर्दिश शब्दांचा पद्यात कोश केला होता, मोठी भाषा शिकायला कुर्दिशचा जिना. आता जिना उलटा लावलाय, कुर्दिशपर्यंत चढायला इंग्रजीचा. लागू दे, मूल वर पोचलं म्हणजे झालं.

इंग्रजी येणं हे कधी जिवावर पण बेतलंय. ३१ ऑगस्ट १९९६ ला सद्दामचे रणगाडे एरबीलमध्ये शिरले तेव्हा अमेरिकन संस्थांबरोबर काम केलेल्या कुर्दांना धोका होता, त्यातल्या साधारण साडेसहा हजार लोकांना विमानांनी ग्वामला नेलं आणि तिथून अमेरिकेत वसवलं. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये आज अमेरिकेतली सगळ्यात मोठी कुर्दिश वस्ती आहे, त्यात अशी बरीच घरं आहेत. ज्या भाषेमुळे पळावं लागलं त्याच भाषेत त्यांची मुलं मोठी झाली.

आता मूळ मुद्द्यावर येते, तो म्हणजे इराकमधला कुर्दिश प्रदेश, कारण तिथे बंदी नाही. १९९२ पासून तिथे कुर्दांचं स्वतःचं सरकार आहे, २००५ च्या इराकी घटनेत अरबी आणि कुर्दिश दोन्ही अधिकृत आहेत. शाळा बारावीपर्यंत कुर्दिशमध्ये. १९९१ नंतर जन्मलेल्या कितीतरी तरुणांना अरबी धड येत नाही, त्यांची दुसरी भाषा इंग्रजीच. मी एका लग्नासाठी एरबीलला गेले होते, कुर्द त्याला हेवलेर म्हणतात, मधोमध तो प्राचीन किल्ला, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला, आणि शहराच्या बाहेरच्या बाजूला नव्या वसाहती, त्यांची नावं इंग्लिश व्हिलेज, इटालियन व्हिलेज, ड्रीम सिटी, एम्पायर वर्ल्ड. एकसारखी घरं, गेट, लॉन. ज्या लोकांना एका अक्षरासाठी कोर्टात जावं लागलं त्यांचेच भाऊबंद स्वतःच्या राजधानीत घराला आपल्या भाषेतलं नाव देत नाहीत, हे मला खूप लागलं. इथे तर कोणी अडवलेलं नाही. लग्नात मात्र रात्रभर हाताला हात धरून नाच, सगळे पारंपरिक कपड्यांत, गाणी सगळी कुर्दिश, आणि मधल्या वेळात तरुण मंडळी आपसात अर्धी वाक्यं इंग्रजीत बोलत होती, मजेत, कसलंही ओझं न वाटता.

शाळांचं तसं नाही. २००६ मध्ये एरबीलला युनिव्हर्सिटी ऑफ कुर्दिस्तान सुरू झाली, इंग्रजी माध्यमाची, २००७ मध्ये सुलेमानियात अमेरिकन युनिव्हर्सिटी. सरकारी विद्यापीठांतही मेडिकल आणि इंजिनिअरिंग इंग्रजीतच. म्हणजे पोरगं बारा वर्षं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री कुर्दिशमध्ये शिकतं आणि मग एका उन्हाळ्यात सगळं बदलतं, सगळ्या संज्ञा नव्या, पुस्तकं नवी, पहिलं वर्ष डिक्शनरीत जातं. आईबाप हे बघतात आणि म्हणतात, शेवटी इंग्रजीतच शिकायचंय तर केजीपासूनच घाला. त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही, हा हिशोब साधा आहे आणि बरोबर आहे. चूक आहे ती वरच्या टोकाला. १९७० मध्ये बगदादमध्ये, म्हणजे बाथ पक्षाच्या राजवटीच्या नाकाखाली, कुर्दिश विद्वत परिषद उभी राहिली आणि तिने विज्ञानाच्या, कारभाराच्या संज्ञा घडवल्या. तेव्हा स्वतःचं सरकार नव्हतं, तेलाचा पैसा हातात नव्हता. आता या गोष्टी असताना वैद्यकाचं एकेक पुस्तक कुर्दिशमध्ये आणायला कोणी अडवलंय? इंग्रजी ठेवा, हवी तेवढी ठेवा, पण डॉक्टर होणाऱ्या मुलाला शरीराच्या प्रत्येक भागाचं नाव स्वतःच्या भाषेत पण माहीत असायला हवं, कारण उद्या त्याच्यासमोर दापीर बसणार आहे.

आणि पगार. २०१४ पासून, बगदादशी बजेटचा वाद, आयसिसचं युद्ध आणि तेलाचे पडलेले भाव या सगळ्यात तिथले सरकारी पगार अडकायला लागले, कधी उशिरा, कधी कापून, कधी महिनेच्या महिने नाहीत. शिक्षक संपावर गेले, विशेषतः सुलेमानियाकडे, २०२३-२४ च्या शालेय वर्षात तर सरकारी शाळा कित्येक महिने बंद होत्या. खासगी इंग्रजी शाळा त्या काळात चालूच होत्या. याला भाषेचं धोरण कोणी म्हणत नाही, पण माझ्या मते कुर्दिशला इंग्रजीने केलं नसेल तेवढं नुकसान या न झालेल्या पगारांनी केलंय. शेजाऱ्याची बहीण सुलेमानियात सरकारी शाळेत शिकवते, विषय कुर्दिश भाषा. संपात होती. फोनवर भाऊ तिला टोचून बोलला, की तू कुर्दिशची मामोस्ता, म्हणजे शिक्षिका, आणि तुझी दोन्ही पोरं इंग्रजी शाळेत? ती चिडली नाही. तिने त्याला हिशोब सांगितला, तिचे किती पगार थकलेत, सरकारी शाळा किती दिवस बंद होती, धाकट्याचं वय काय, आणि मग त्याला आठवण करून दिली की त्या शाळेची फी लंडनहून तोच पाठवतो. तो गप्प बसला, आणि पुढच्या महिन्यात त्याने फी पाठवली.